अभिजात शिक्षण देणारी चार्टर शाळा : सोडतीत नाव घालण्यापूर्वी

ॲरिझोनात, विशेषतः फीनिक्सच्या पूर्वेकडील उपनगरांत, नव्याने राहायला आलेले मराठी कुटुंब घर शोधण्याआधी शाळा शोधू लागते आणि मंडळाच्या गणपतीत किंवा दिवाळीच्या फराळाला भेटणारे जुने रहिवासी त्याला दोन प्रकारच्या चार्टर शाळा सुचवतात. पहिल्या प्रकारात बेसिससारख्या परीक्षा आणि गणित-विज्ञानावर भर देणाऱ्या शाळा येतात. दुसऱ्या प्रकारातील शाळा स्वतःला ‘क्लासिकल’, म्हणजे अभिजात, म्हणवतात. दोन्ही मोफत, दोन्हींत गृहपाठ पुष्कळ आणि दोन्हींची ख्याती ‘शिस्तीची शाळा’ अशीच असल्यामुळे या दोहोंत डावे-उजवे करण्यासारखे काही नाही, असा समज सहज होतो. आमचाही तसाच झाला होता. थोरली मुलगी पहिलीपासून अशाच एका क्लासिकल चार्टर शाळेत शिकली आणि यंदा ती बारावीत आहे. धाकटा मुलगा तिथेच आठवीत आहे. एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे. शाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत.

चार्टर शाळा ही खासगी शाळा नव्हे, हे आधी स्पष्ट असावे. मिनेसोटाने १९९१ साली या शाळांचा देशातील पहिला कायदा केला, पुढच्याच वर्षी सेंट पॉलमध्ये पहिली शाळा उघडली आणि ॲरिझोनाचा कायदा १९९४ मध्ये आला. शाळेला दर विद्यार्थ्यामागे सरकारी पैसा मिळतो, तिचा कारभार मात्र त्या भागातील नेहमीच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या शिक्षण-डिस्ट्रिक्टकडे नसून स्वतंत्र संचालक मंडळाकडे असतो. ती फी घेऊ शकत नाही, प्रवेशपरीक्षा घेऊन मुले निवडू शकत नाही आणि अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सोडत काढते. भावंडांना बहुधा प्राधान्य असते, त्यामुळे पहिल्या मुलाचे नाव लागले की दुसऱ्याची काळजी बरीचशी मिटते. धर्मशिक्षण येथे देता येत नाही. ओक्लाहोमात एका कॅथलिक संस्थेने चार्टर शाळा काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रोखला आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी मते पडल्याने तो निर्णय कायम राहिला.

‘क्लासिकल’ या शब्दाला मात्र असे कोणतेही कायदेशीर कुंपण नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा त्यासाठी निदान काही निकष तरी होते. शाळेच्या नावात हा शब्द घालायला कोणाचीच परवानगी लागत नाही. क्लासिकल शाळा चालवणाऱ्या ग्रेट हार्ट्स या संस्थेची पहिली शाळा २००३ मध्ये फीनिक्स परिसरात निघाली आणि आज तिच्या शाळा टेक्सास आणि लुईझियानातही आहेत. मिशिगनमधील हिल्सडेल कॉलेज २०१० पासून अनेक राज्यांतील चार्टर शाळांना अभ्यासक्रम आणि शिक्षक-प्रशिक्षण पुरवते. याशिवाय कोणाशीही संलग्न नसलेल्या एकट्या-दुकट्या शाळा आहेतच. त्यामुळे एका क्लासिकल शाळेविषयी ऐकलेले दुसरीला लागू पडेलच, असे गृहीत धरू नये.

या सर्व शाळांच्या बोलण्यात एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे ‘ट्रिव्हियम’. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही मध्ययुगीन युरोपातील तीन विद्यांची साखळी आहे. डोरोथी सेअर्स या रहस्यकथालेखिकेने १९४७ मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या एका व्याख्यानात ही साखळी मुलांच्या वयाला जोडली : लहानपणी पाठांतर, किशोरवयात वाद घालणे आणि त्यानंतर स्वतःचे म्हणणे नीट मांडणे. आपला अध्यापनाचा अनुभव अगदी तुटपुंजा आहे आणि या सूचना अमलात येण्याची शक्यता जवळजवळ नाही, असे तिने तेथेच सांगून टाकले होते. आज शेकडो शाळांची वेळापत्रके तिच्या या कल्पनेवर उभी आहेत, ही गोष्ट शाळेच्या माहितीसत्रात कोणी सांगत नाही. मला मात्र ती फार गमतीची वाटते.

आता प्रत्यक्ष वर्गाकडे. या शाळेची पहिली ते पाचवी ही वर्षे मी निःसंकोच उत्तम म्हणेन. आमच्या शाळेत वाचन स्पाल्डिंग पद्धतीने शिकवतात. इंग्रजीतील ध्वनी दाखवणारी ७० अक्षरे आणि अक्षरसमूह मुले आधी ऐकतात, म्हणतात, लिहितात आणि मगच शब्दांकडे वळतात. मुलगी पहिलीत असताना एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून ‘ओ-यू-जी-एच’ या एकाच समूहाचे सहा उच्चार बोटांवर मोजत होती : दो, थ्रू, रफ, कॉफ, थॉट, बाऊ. जे अक्षर लिहायचे तेच वाचायचे, या बाराखडीच्या सुखात वाढलेल्या आम्हां दोघांना इंग्रजीचा हा कारभार आपण आयुष्यभर नुसत्या अंदाजाने चालवत आलो होतो, हे त्या दिवशी कळले. याच वर्षांत कविता पाठ करणे, अक्षरे एकमेकांना जोडून वळणदार लेखन, वाक्याचे व्याकरण चालवणे आणि जुन्या कथा ऐकून आपल्या शब्दांत सांगणे, हे सारे होते. टॅब्लेट आणि संगणक वर्गात जवळजवळ नसतात. ज्यांच्या घरी संध्याकाळी परवचा म्हटला जात असे, त्यांना हे वातावरण परके वाटणार नाही.

सहावीपासून लॅटिन सुरू होते आणि येथे मराठी घराला एक अनपेक्षित लाभ होतो. मुलगी ‘पुएला, पुएलाय, पुएलाय, पुएलाम, पुएला’ अशी विभक्ती चालवू लागली, तेव्हा सांगलीहून व्हिडिओ कॉलवर असलेल्या तिच्या आजोबांनी लगेच विचारले, “अगं, द्विवचन कुठं गेलं?” लॅटिनला द्विवचन नाही हे ऐकून त्यांना त्या भाषेची थोडी कीवच आली. पण त्यानंतर दर रविवारी दोघांचा एक खेळ सुरू झाला. तिने ‘फ्रातेर’ म्हणायचे की त्यांनी ‘भ्रातृ’, तिने ‘सेप्तेम’ की त्यांनी ‘सप्त’, तिने ‘इग्निस’ की त्यांनी ‘अग्नि’. अभ्यासक्रमात हे नव्हते आणि शिक्षकांनीही कधी सांगितले नव्हते; घरात संस्कृत जाणणारे माणूस असल्याने ते घडले.

याच लॅटिनच्या बाबतीत आमची सर्वांत मोठी तक्रार आहे. मुलगी सातवीत असताना लॅटिनचे शिक्षक वर्षाच्या मध्यातच नोकरी सोडून गेले आणि पुढचे तीन महिने बदली शिक्षक वर्गात येऊन मुलांना कार्यपत्रिका वाटत राहिले. पालकांना लेखी सूचना मिळाली ती पाच आठवड्यांनंतर. ॲरिझोनात चार्टर शाळेतील विषयशिक्षकांना राज्याचे अध्यापन-प्रमाणपत्र असण्याची सक्ती नाही, त्यामुळे नुकतेच पदवीधर झालेले, विषयात मुरलेले पण वर्ग सांभाळण्याचा सराव नसलेले तरुण शिक्षक येथे पुष्कळ दिसतात. त्यांपैकी काही इतके चांगले निघाले की मुलगी आजही त्यांची नावे काढते, आणि काहींना पहिल्या नाताळच्या सुट्टीपर्यंतही टिकता आले नाही. म्हणूनच शाळा पाहायला जाल तेव्हा इमारत आणि गणवेशाचे कौतुक थोडे बाजूला ठेवून एकच गोष्ट खोदून विचारावी, की गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले आणि सध्याचे लॅटिनचे व गणिताचे शिक्षक येथे किती वर्षे आहेत. उत्तर गुळमुळीत आले तर तेच उत्तर समजावे.

वरच्या वर्गांत मूळ फरक उघड होतो आणि आपल्याकडचे पालक नेमके येथेच गोंधळतात. नववीपासून साहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान एकत्र करून रोज दीर्घ चर्चेचा तास असतो. मुले गोलाकार बसतात, समोर मूळ ग्रंथ असतो, टिपण्या नसतात आणि शिक्षक केवळ प्रश्न विचारतात. पालकांना एक दिवस मागे बसून पाहता येते. मी गेलो त्या दिवशी शिक्षकांनी पाऊण तासात स्वतःचे मत एकदाही सांगितले नाही. एका मुलाने ठामपणे काही विधान केले, तेव्हा “कोणत्या ओळीवरून?” एवढेच त्यांनी विचारले आणि बाकीची मुले पाने उलटू लागली. आमची मुलगी स्वभावाने अबोल. पहिले दोन महिने ती गप्प होती आणि सहभागाचे गुण कापले जात होते. तिला आधी दोन प्रश्न घरून लिहून न्यायला सांगावे, हा उपाय शिक्षकांनीच सुचवला आणि तो लागू पडला. आज ती बारावीचा प्रबंध लिहीत आहे आणि वसंतात शिक्षकांच्या समितीपुढे तिला तोंडी उत्तरे द्यायची आहेत. तिचे लेखन पाहून मला असूया वाटते, हे कबूल करतो.

परंतु या शाळेचा रोख स्पर्धेकडे नाही. आमच्या शाळेत सर्वांना साधारण एकाच गतीने गणित शिकवतात. पुढे असलेल्या मुलाला दोन इयत्ता उडी मारू देत नाहीत. एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे, विषय नावापुरतेच आहेत, संगणकशास्त्र ऐच्छिक आणि रोबोटिक्सचा संघ पालकांनीच चालवलेला. आठवीतच बीजगणित संपवून पुढे काय, असे विचारणाऱ्या धाकट्याला मिळालेले उत्तर सभ्य होते, पण उपयोगाचे नव्हते. परिचयातील दोन कुटुंबांनी याच कारणाने मुले काढून घेतली आणि शाळेने आपल्याला फसवले, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. शाळेच्या माहितीपुस्तिकेत चारित्र्य, सौंदर्यदृष्टी आणि सद्गुण हे शब्द पानोपानी होते. लॅटिन आणि गृहपाठ हे दोन शब्द वाचून आम्हीच पुढचे मनाने भरून घेतले होते.

अभ्यासक्रमाचा कल पाश्चात्त्य आहे आणि तो तसा असल्याचे या शाळा लपवत नाहीत. अनेक शाळा खालच्या वर्गांत ‘कोअर नॉलेज’ नावाचा अभ्यासक्रमाचा तयार आराखडा वापरतात. त्यात दुसरीत सिंधू-गंगेचे खोरे, हिंदू आणि बौद्ध धर्म, सम्राट अशोक हे सर्व येते. त्यानंतर भारत जवळजवळ अदृश्य होतो आणि ब्रिटिश साम्राज्याच्या ओघात एखाददुसऱ्या परिच्छेदापुरता परत येतो. आमच्या घरी ही उणीव मराठी शाळेच्या रविवारच्या वर्गाने थोडीफार भरून काढली. ती शाळेने भरून काढावी, अशी अपेक्षा ठेवल्यास निराशा पदरी पडेल.

राजकारणाविषयीही डोळे उघडे ठेवावेत. हिल्सडेल हे उघडपणे पुराणमतवादी वळणाचे कॉलेज आहे आणि केंद्र सरकारचा पैसा न घेण्याचा त्याला अभिमान आहे. त्याच्याशी संबंधित प्रत्येक शाळा प्रचार करते, असे म्हणणे अन्यायाचे होईल, पण इतिहासाची पाठ्यसामग्री कोणी तयार केली, हे विचारण्याचा हक्क पालकाला आहे. तितकेच महत्त्वाचे म्हणजे शाळेचे मंडळ कोणाचे आहे. मार्च २०२३ मध्ये फ्लोरिडातील टॅलाहासीच्या क्लासिकल चार्टर शाळेत सहावीच्या मुलांना प्रबोधनकालीन कलेच्या तासाला मायकेलँजेलोच्या डेव्हिडचे चित्र दाखवले गेले, काही पालकांनी तक्रार केली आणि मुख्याध्यापिकेला पद सोडावे लागले. ज्या शाळेचे ब्रीदच अभिजात कला, तिथे हे घडले. ॲरिझोनात चार्टर शाळांच्या मंडळाच्या बैठका जनतेला खुल्या असतात. अर्ज करण्यापूर्वी त्यांपैकी एका बैठकीला तासभर बसल्यास माहितीसत्राच्या तिप्पट गोष्टी कळतात.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. फी नाही, पण बसही नाही. सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी आरशाला क्रमांकाची पाटी अडकवून गाड्यांच्या रांगेत उभे राहायचे आणि दुपारी पुन्हा तेच करायचे. दोघेही नोकरी करणाऱ्या घराला हा भार फीपेक्षा जड जातो. आमच्या शाळेत उपाहारगृह नसल्याने डबा रोजचा. गणवेश ठरावीक दुकानातूनच घ्यावा लागतो, ग्रंथांच्या प्रती विकत घ्याव्या लागतात, कारण मुलांनी समासात लिहावे अशी अपेक्षा असते, आणि दर शरद ऋतूत देणगीसाठी पत्र येते. देणगी ऐच्छिक असते. न दिल्याने आमच्या मुलांना कधी काही सोसावे लागले नाही, मात्र आठवण करून देणाऱ्या पत्रांची संख्या कमी झाली नाही. विशेष साहाय्याची गरज असलेल्या मुलांना चार्टर शाळा नाकारू शकत नाही, कारण केंद्राचा कायदा तिलाही लागू आहे. पण प्रत्यक्षात किती विशेष शिक्षक आहेत, हे नाव घालण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

धाकट्याला पुढच्या वर्षी आम्ही डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलमध्ये घालत आहोत. तिथे त्याला त्याच्या गतीने गणित मिळेल. लॅटिन मात्र त्याला सोडायचे नाही. नव्या शाळेत ते शिकवत नाहीत, म्हणून आता दर रविवारी सांगलीला फोन लागतो तो त्याच्यासाठी, आणि आजोबांनी या वेळी द्विवचनासकट संस्कृतच शिकवायला घेतले आहे.