पाणवठ्यावरचे छोटे पक्षी: १५०-६०० लेन्स की १००-४००?

तुमचे बरेचसे फोटो भिगवणच्या (उजनी जलाशयावरच्या) होडीतून निघत असतील, तर डोळे मिटून १५०-६०० मिमीची झूम लेन्स घ्या. रोहित काही तुमच्याजवळ चालत येणार नाहीत. घोळ होतो तो सिंहगड व्हॅलीसारख्या ठिकाणी. एप्रिल-मेमध्ये ओढ्याची डबकी तेवढी उरतात आणि आपण लपणात (पक्ष्यांना दिसू नये म्हणून लावलेल्या आडोशात) बसून बुलबुल, नाचण, चष्मेवाल्याची वाट बघतो. तिथे मी दोन्ही वापरल्यात.

पल्ल्याच्या बाबतीत ६०० ला तोड नाही. पलीकडच्या दगडावर उतरलेल्या निळ्या माशीमाराच्या डोळ्यातली चमकसुद्धा पकडते. ४०० वर तोच फोटो घरी येऊन क्रॉप करावा लागतो, आणि झाडाखाली आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) चढवलेला असला की दाणे दिसतात. ६.३ आणि ५.६ या ॲपर्चरमधला (लेन्सच्या छिद्राच्या आकारातला) फरक मला तरी फारसा जाणवला नाही.

खरी कटकट वेगळीच. चष्मेवाले थव्याने येतात. एकाने धीर केला की बाकीचे थेट लपणाच्या पुढ्यात, दोन-अडीच मीटरवर. माझ्या १५०-६०० चा सर्वात जवळचा फोकस २.८ मीटर! बटण अर्धं दाबलं की लेन्स फोकस शोधत नुसती पुढे-मागे फिरत बसते. पक्षी पंख फुलवून अंघोळ करतोय, उडणारे थेंब नुसत्या डोळ्यांना दिसतायत, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये पिवळट धुकं. लपण मागे घ्या, म्हणाल. पण पहाटे लावलेलं लपण नऊ वाजता हलवलं की सकाळ वाया. आधीच मागे लावावं, तर मध्ये घाणेरी येते. शिवाय पाणी आटत जातं तशी कड सरकते, त्यामुळे मागच्या आठवड्याचं अंतर या आठवड्यात चालत नाही.

१००-४०० मध्ये ही कटकट नाही. काहींचा फोकस मीटरभराच्या आत येतो, काहींचा दीड-पावणेदोन मीटरवर अडतो. घेताना तेवढं बघा. दुसरं म्हणजे स्वर्गीय नर्तक. पांढऱ्या नराची शेपटी अंगापेक्षा लांब, आणि स्वारी फांदीवरून पाण्यात सूर मारून पुन्हा फांदीवर. जवळून १५० वरसुद्धा शेपटी कापली जाते. १०० पर्यंत मागे येता आलं की वाचते. (रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बोलावू नका, तहान लागली की येतोच.)

प्रत्येकाची बसायची पद्धत वेगळी, त्यामुळे माझंच खरं असं नाही. पण हल्ली ओढ्यावर माझ्या बॅगेत १००-४०० च असते, ६०० भिगवणपुरती. एकच घ्यायची असेल तर दुकानात दोन मीटरवर पेन धरायला सांगा आणि फोकस लागतोय का ते बघूनच पैसे द्या.