एपी यूएस हिस्टरी दहावीत घेतलं, त्याचा आमचा अनुभव

आमच्या मुलीनं दहावीत एपी यूएस हिस्टरी घेतलं, म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा, कॉलेजच्या पातळीचा अमेरिकी इतिहासाचा कोर्स. मुलं त्याला ‘एपुश’ म्हणतात. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि आमच्या ओळखीतल्या मराठी घरांमध्ये एपी म्हटलं की कॅल्क्युलस, फिजिक्स, कंप्युटर सायन्स एवढंच डोळ्यांपुढे येतं. त्यामुळे हल्ली मला बरेच जण विचारतात, इतिहासाचं एपी कशाला? झेपतं का? म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधीच सांगून टाकते, कोर्स उत्तम आहे. मुलाला वाचायची आवड असेल आणि चार ओळी स्वतःच्या मनानं लिहायला त्याला आवडत असेल, तर डोळे मिटून घ्या. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावर, आणखी एक एपी दिसावं एवढाच हेतू असेल, तर मात्र नका घेऊ. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच मूल दमून जाईल आणि मग वर्षभर त्या विषयावर राग काढेल.

दमायला होतं ते वेगामुळे. अभ्यासक्रम १४९१ पासून आजपर्यंतचा, नऊ युनिटमध्ये विभागलेला. १४९१ हे साल मला फार आवडलं. कोलंबस येण्याच्या आदल्या वर्षापासून सुरुवात केली, म्हणजे इथल्या मूळ लोकांची मक्याची शेती, त्यांची गावं, त्यांचे व्यापार हे सगळं आधी येतं आणि जहाजं नंतर. पण पहिल्या आणि शेवटच्या युनिटला परीक्षेत जेमतेम ४ ते ६ टक्के वजन, त्यामुळे शिक्षक तिथे थांबत नाहीत. खरा भर तिसऱ्या ते आठव्या युनिटवर, म्हणजे १७५४ ते १९८० वर. त्यातल्या प्रत्येकाला १० ते १७ टक्के. परीक्षा देशभर मे महिन्यात एकाच दिवशी असते. दक्षिणेकडच्या बऱ्याच शाळा ऑगस्टमध्ये उघडतात, आपल्याकडच्या लेबर डेनंतर, म्हणजे सप्टेंबरमध्ये. तेवढे आठवडे आपल्या मुलांना कमीच मिळतात. रोज रात्री पुस्तकाची वीस-पंचवीस पानं वाचायची आणि तीही अशी, की दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर वाद घालता आला पाहिजे.

पण या कोर्सची खरी मेख पानांमध्ये नाही, डीबीक्यूमध्ये, म्हणजे ‘डॉक्युमेंट-बेस्ड क्वेश्चन’मध्ये आहे. या प्रश्नात सात कागद देतात: एखादं पत्र, भाषणाचा उतारा, व्यंगचित्र, नकाशा, कायद्याचं कलम. ते वाचून तासाभरात निबंध लिहायचा. सात गुण असतात आणि प्रत्येक गुण कशाचा ते आधीच ठरलेलं असतं. मुद्दा ठामपणे मांडला का, त्या काळाची पार्श्वभूमी दिली का, कागद पुरावा म्हणून वापरले का, कागदांबाहेरचा एखादा पुरावा आणला का, कागद कुणी, कुणासाठी, कशासाठी लिहिला याचा विचार केला का, आणि शेवटी विषयाची गुंतागुंत कळली का.

आमच्या मुलीचा पहिला डीबीक्यू परत आला तो सातपैकी दोन गुण घेऊन. आठवीपर्यंत, नववीतही, इतिहासात कायम ए. रडू आलं तिला. मी निबंध वाचला तर माहितीत एक चूक नव्हती. सगळ्या कागदांचा सारांश ओळीनं नीट लिहिलेला. खाली बाईंनी लिहिलं होतं, ‘कागदात काय आहे ते मी वाचलंय. तू काय सिद्ध करतेयस?’ मला वाटतं, वर्षभरात तिला मिळालेलं सगळ्यांत मोलाचं वाक्य ते हेच. नववीपर्यंत मुलांना ‘काय झालं’ विचारतात. इथे ‘तुझं म्हणणं काय आणि कशावरून’ असं विचारतात, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला ते आधी कुणी विचारलेलंच नसतं.

वर्गात फ्रेडरिक डग्लसचं ५ जुलै १८५२ चं रॉचेस्टरमधलं भाषण घेतलं होतं. गुलामगिरीत जन्मलेला हा माणूस विचारतो, तुमच्या ४ जुलैशी गुलामाचा संबंध काय? मुलीला प्रश्न असा पडला, की त्याला भाषणाला बोलावणाऱ्या संस्थेतल्या बायका तर गुलामगिरीच्या विरोधातल्याच होत्या, मग त्यांनाच एवढं का सुनवायचं? आठवडाभर जेवताना हाच विषय. जे आपल्या बाजूचे आहेत त्यांनाच स्वस्थ बसू द्यायचं नव्हतं, असं तिचं तिनंच शोधून काढलं.

पुढे रिकन्स्ट्रक्शनचं, म्हणजे यादवी युद्ध आणि गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळाचं युनिट चालू असताना मी तिला सांगितलं, की याच काळात, १८७३ साली, पुण्यात महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. मला वाटलं, ती म्हणेल वा. तिनं विचारलं, “आई, पुस्तक मराठीत आहे ना? मग अमेरिकन लोक ते वाचणार कसं? खरा वाचक कोण होता?” आम्ही दोघींनी अर्पणपत्रिका काढून वाचली. उत्तर तिथेच आहे. अमेरिकेतल्या लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी जे केलं, त्याचा कित्ता माझ्या देशबांधवांनी आपल्या शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी गिरवावा, असं ते म्हणतात. अर्पण अमेरिकेला, पण बोलणं घरच्यांशी. मी ती अर्पणपत्रिका शाळेपासून ऐकत आलेय, पण असा प्रश्न विचारायला मला कुणी शिकवलं नव्हतं. कोर्सनं मुलीला काय दिलं, याचा माझ्याकडे यापेक्षा चांगला दाखला नाही.

आपल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट. ‘कागदांबाहेरचा पुरावा’ या गुणासाठी ती स्थलांतराच्या प्रश्नात भगतसिंग थिंड यांचा खटला वापरायला शिकली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेल्या या माणसाला १९२३ साली सुप्रीम कोर्टानं, तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिकत्व मिळणार नाही, असं सांगितलं. तिथून १९४६ चा ल्यूस-सेलर कायदा, ज्यात भारतीयांना वर्षाला १०० चा कोटा आणि नागरिकत्वाचा हक्क मिळाला. मग १९६५ चा स्थलांतराचा कायदा, ज्यावर लिंडन जॉन्सन यांनी लिबर्टी पुतळ्याच्या पायथ्याशी सही केली. आपण बहुतेक सगळे या देशात आहोत ते त्या सहीमुळे. हे मुलांना कळलंच पाहिजे.

आता पैसे आणि क्लासचं. घाबरून आम्ही एका ऑनलाइन क्लासला नाव घातलं. तिथे राष्ट्राध्यक्षांच्या याद्या आणि सनावळ्या पाठ करून घेत होते. परीक्षेत त्याचा उपयोग नाही, कारण बहुपर्यायी प्रश्नसुद्धा उतारा किंवा चित्र देऊन त्यावर विचारतात. आम्ही तो सोडला. त्यापेक्षा एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या साइटवर मागच्या वर्षांचे डीबीक्यू, गुणदानाचे नियम आणि मुलांनी खरोखर लिहिलेले निबंध गुणांसकट फुकट मिळतात. सहा गुणांचा आणि तीन गुणांचा निबंध शेजारी ठेवून वाचायला सांगा. कुठल्याही क्लासपेक्षा ते जास्त शिकवतं. बोर्डाच्याच ‘एपी क्लासरूम’ या साइटवरचे व्हिडिओही बरे आहेत, पण उजळणीपुरते.

परीक्षा सव्वातीन तासांची: ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, तीन छोटी उत्तरं, डीबीक्यू आणि एक मोठा निबंध. २०२५ पासून सगळं बोर्डाच्या ब्लूबुक या परीक्षेच्या अ‍ॅपवर, म्हणजे दोन्ही निबंध टाइप करायचे. ज्याची टायपिंग हळू आहे त्यानं उन्हाळ्यातच सराव करावा. फी २०२५ मध्ये ९९ डॉलर होती. नोंदणी मात्र नोव्हेंबरच्या मध्याआधीच करावी लागते, नंतर केली तर जादा पैसे पडतात.

कॉलेजात क्रेडिट मिळेल, म्हणजे हा विषय तिथे झाल्यात जमा धरतील, या भरवशावर राहू नका. एपीचा निकाल १ ते ५ गुणांत लागतो. बरीच सरकारी विद्यापीठं ३ ला क्रेडिट देतात, नामांकित कॉलेजं ४ किंवा ५ मागतात आणि काही देतच नाहीत.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो वेगासाठी, कारण व्हिएतनाम आणि नागरी हक्कांच्या चळवळीपर्यंत येता येता एप्रिल उजाडला आणि मुलांना सगळ्यांत जास्त बोलायचं होतं तेच धडे धावत संपले. दहावीत घ्यायचं की अकरावीत, हे मुलाच्या बाकीच्या विषयांवर ठरवा. त्याच वर्षी एपी केमिस्ट्री असेल तर अकरावीत घ्या. आणि वर्ग बदलायची शेवटची तारीख काउन्सेलरला पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. पहिला डीबीक्यू त्या तारखेच्या आधी परत येतो का, तेही विचारा.