गाडीचा नवा बार 24 चा होता, पण पोकळ निघाला

जाडी मोजायचा व्हर्नियर गॅरेजवाल्या मिस्त्रीनेच माझ्या हातात दिला होता. "मोजून घ्या साहेब, नंतर कटकट नको," म्हणत त्याने नवा बार माझ्यासमोर आडवा धरला. मी दोन ठिकाणी मोजला. 24 मिलिमीटर, अगदी बरोबर. मला वाटलं, जो माणूस स्वतःहून मोजायला सांगतो तो फसवणार नाही. माझी फसवणूक तिथेच झाली. ज्यांच्याकडे जुनी छोटी गाडी आहे आणि जे पुढचा स्टॅबिलायझर बार (वळणात गाडी कमी कलावी म्हणून पुढच्या दोन चाकांना जोडणारी सळई) बदलायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

माझी गाडी वीस वर्षांची हॅचबॅक, पुढच्या चाकांवर चालणारी. खड्ड्यात एक चाक गेलं की पुढून "टक्" असा आवाज यायचा. मिस्त्रीने गाडीखाली जाऊन बार हाताने हलवला आणि "बार गेला" असं सांगितलं. सोबत हेही सांगितलं की मूळचा 22 चा आहे, आता 24 चा टाकू, वळणावर गाडी रस्त्याला चिकटून राहील.

बार म्हणजे वाकवलेली स्प्रिंग-स्टीलची सळई. ती गंजून खाल्ली गेली किंवा तडकली तरच जाते, एरवी सहसा जात नाही. झिजतात ते तिला धरणारे रबरी बुश (सळईभोवतीच्या कड्या) आणि दोन्ही टोकांच्या लिंक (सळईचं टोक चाकाच्या बाजूला जोडणारे छोटे दांडे). माझ्या गाडीचा आवाज लिंकचा होता, हे मला पुढे स्वतः खोलल्यावर कळलं. म्हणजे जे बदलायचं होतं ते छोटं काम होतं आणि माझ्या गळ्यात मोठं मारलं गेलं.

जाडीचं आमिष इतकं चालतं त्याला कारण आहे. सळई भरीव असेल तर तिचा पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 22 वरून 24 वर गेलात तर दोनच मिलिमीटर वाढतात, पण बार सुमारे 40 टक्क्यांनी कडक होतो. हे गणित मी आधी वाचलं होतं, म्हणून 24 ऐकताच मी तयार झालो. पण त्या गणितात "भरीव" हा शब्द आहे, आणि आमच्या बोलण्यात तो एकदाही आला नव्हता.

बसवण्याचं काम मी उभं राहून पाहिलं. गाडीची फक्त डावी बाजू जॅकवर उचललेली. एक चाक लटकतंय, दुसरं जमिनीवर दाबलेलं, त्यामुळे बार पिळला गेला आणि लिंकचं भोक जुळेना. मग टॉमी (लोखंडी पहार) घालून बार खाली दाबला आणि नट आवळला. खरं तर दोन्ही चाकं सारख्या उंचीवर हवीत, एक तर दोन्ही लटकलेली नाहीतर दोन्ही टेकलेली. तेव्हा लिंक हाताने सरळ आत जाते. बुश रबराचे नव्हते, पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे) होते. त्यांना आतून सिलिकॉन ग्रीस लावावं लागतं, ते लावलंच नाही. आठवड्याभरात पुढून कुरकुर सुरू झाली. "नवीन आहे, बसेल," असं उत्तर मिळालं.

वळणावरचं चिकटणंही मला कधी जाणवलं नाही. तसाही पुढचा बार खरोखर कडक केला की गाडी कमी कलते, पण वळणात पुढच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार पडतो, आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी जोरात वळवली तर नाक बाहेर ओढते. काही गाड्यांना त्याचा फायदा होतो, सगळ्यांना नाही. हे सांगायचं काम विकणाऱ्याचं होतं.

अडीच महिन्यांनी "टक्" परत आला, आधीपेक्षा मोठा. या वेळी मी स्वतः गाडी दोन्ही बाजूंनी स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नका) आणि बार उतरवला. उजव्या टोकाला जिथे चपटी पट्टी वेल्ड केली होती, तिथे काळ्या रंगातून तांबूस रेघ दिसत होती. नखाने रंग खरवडला तर रेघ म्हणजे चीर निघाली. बार तिरका धरला आणि त्या चिरेतून गंजाची भुकटी माझ्या मनगटावर सांडली. भरीव सळईतून भुकटी कुठून येणार? मी तसाच बसून राहिलो.

ते टोक कापून आत मोजलं. भिंत 3 मिलिमीटरची, मधे 18 चं भोक. मग हिशेब मांडला. बाहेरून 24 आणि आतून 18 असलेली नळी 22 च्या भरीव सळईपेक्षा कडक तर नाहीच, उलट सुमारे तीन टक्क्यांनी मऊच भरते. आणि मूळचा धडधाकट बार मी "भंगारात टाका" म्हणून त्याच्याकडेच सोडून आलो होतो.

पोकळ बार म्हणजे वाईट बार, असं मी म्हणत नाही. गाड्या बनवणारे वजन वाचवायला पोकळ बार वापरतात, आणि भिंत पुरेशी जाड असेल तर तो उत्तम चालतो. माझी तक्रार लपवाछपवीची आहे. मी जाब विचारायला गेलो तेव्हा मिस्त्री शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही मोजूनच घेतलात ना? बिलावर 24 लिहिलंय, 24 च दिलाय." बिलावर खरंच तेवढंच होतं. भरीव हा शब्द नव्हता, जुना बार परत दिल्याची नोंद नव्हती. माझ्या हातात काहीच नव्हतं.

तुम्ही घ्याल तेव्हा बार आधी हातात घ्या आणि तोला. 24 ची भरीव सळई मीटरला साधारण साडेतीन किलो भरते, माझ्यासारखी नळी दीड किलोच्या आसपास. टोकं बघा. जुन्या भरीव बारचं टोक बहुधा त्याच सळईला ठोकून चपटं केलेलं असतं. वेल्ड दिसला तर आत काय आहे ते विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. जुना बार, त्याचे क्लॅम्प आणि बोल्ट घरी आणा. काही जुन्या छोट्या गाड्यांत हाच बार खालच्या आर्मला (चाक जागेवर धरणाऱ्या दांड्याला) पुढे-मागे धरून ठेवतो. तिथे असला तकलादू बार तुटला तर चाकच जागेवरून सरकेल. माझ्या गाडीत तशी रचना नाही म्हणून मी वाचलो.

मोडीत निघालेल्या तशाच एका गाडीचा मूळ 22 चा बार मला मिळाला. तारेच्या ब्रशने घासून त्यावर कुठे चीर नाही ना ते पाहिलं, नवे रबरी बुश आणि दोन नव्या लिंक घेतल्या, आणि दोन्ही चाकं सारखी लटकवून एका दुपारी स्वतः बसवला. लिंकचे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) नवे वापरले, कारण एकदा काढलेले नट पुन्हा तशी पकड धरत नाहीत. आवाज त्याच दिवशी गेला. कापलेली नळी मी त्या गॅरेजमध्ये गाडी द्यायला निघालेल्या शेजाऱ्याला दाखवली. त्याने ती हातात तोलली, आरपार पाहिलं आणि गाडी परत आत लावली.