स्टेपनी नसलेली गाडी: जुन्या बीएमडब्ल्यू झेड४चा नागपुरातला अनुभव

दिवाळीनंतर समृद्धीवर कारंजा लाडच्या पुढे मागचा डावा टायर कापला गेला. त्यानंतर दीड दिवस जे सोसलं, त्यामुळे हे लिहितोय. गाडी घेऊन वर्ष होत आलंय.

गाडी २०११ची एसड्राइव्ह ३५आय, म्हणजे ई८९ पिढीतली, पत्र्याचं छप्पर घडी होऊन डिकीत जाणारी. मुंबईहून घेतली, राज्य तेच असल्याने एमएच ०२ची पाटी तशीच राहिली. तीन लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन, दोन टर्बो, ३०६ अश्वशक्ती, मागच्या चाकांना ताकद, सात गिअरचा ड्युअल क्लच, हे सगळं ही गाडी शोधणाऱ्याला पाठ असतंच. घेताना कोणी विचारत नाही आणि विकणारा कधी सांगत नाही, ती गोष्ट वेगळीच आहे. या गाडीत स्टेपनी नाही. ठेवायला जागासुद्धा नाही.

कंपनीचं गणित असं की चारही टायर रन-फ्लॅट. त्यांची बाजूची भिंत इतकी जाड आणि ताठ की हवा पूर्ण गेली तरी टायर रिमवर बसत नाही. ताशी ८० किलोमीटरच्या आत साधारण ८० किलोमीटर चाला, तेवढ्यात टायरवाला गाठा, विषय संपला. जर्मनीत हे चालत असेल. कारंज्याच्या पुढे माझ्या मागे नागपूर होतं दीडशे किलोमीटरहून जास्त, पुढे संभाजीनगर त्याहून लांब, आणि या दोन शहरांच्या मधे २५५/३५ आर१८ मापाचा टायर दुकानात ठेवणारा कोणी मला फोनवर सापडला नाही. अमरावतीच्या दोन दुकानांनी मागवून देतो म्हटलं, चार दिवस लागतील म्हणाले.

टायर कापला तेव्हा वेग कायद्यातला १२० होता. रस्त्यावर पडलेली लोखंडी पट्टी, बहुधा कुठल्या तरी ट्रकची. डॅशबोर्डवर दाबाचा इशारा आला, पण गाडी रेषेतून हलली नाही, शेपटी सरकली नाही, बायकोच्या हातातल्या बाटलीतलं पाणीसुद्धा सांडलं नाही. वर्षभर मी या टायरना शिव्या घातल्या होत्या. त्या पाच सेकंदांचं श्रेय मात्र त्यांनाच द्यावं लागेल. साध्या टायरची बाजू त्या वेगात तशी फाटली असती तर काय झालं असतं याचा विचार नंतर रात्री आला.

पुढच्या इंटरचेंजला उतरून हळूहळू गावात आलो. पंक्चरवाल्या काकांनी चाक न खोलताच हात फिरवला. 'भाऊ, बाजूच फाटली. याले प्लग नाही लागत. स्टेपनी काढा ना.' स्टेपनी नाही म्हटल्यावर त्यांनी डिकी उघडून स्वतः पाहिलं. मग एवढंच म्हणाले, 'एवढी महागाची गाडी अन् स्टेपनी नाही देत?' मलाही हाच प्रश्न कंपनीला विचारायचा आहे.

मदतीच्या सेवेचं वार्षिक शुल्क भरलेलं होतं. दूरध्वनीवर तीनदा सांगितलं: गाडी खाली आहे, मागची चाकं चालवणारी आहे, ऑटोमॅटिक आहे, सपाट पाट्याची गाडीच, म्हणजे फ्लॅटबेडच, हवी. आली हुकाने उचलणारी क्रेन. चालक समोरच्या बंपरखाली हुक घालायला निघाला, मी आडवा उभा राहिलो. त्याची काही चूक नव्हती, त्याला जे सांगितलं ते घेऊन तो आला होता. फ्लॅटबेड दुसऱ्या दिवशी दुपारी आली, आणि 'अंतर मर्यादेबाहेर' म्हणून वरचे पैसे माझ्याकडून घेतले. ते पैसे एका चांगल्या साध्या टायरच्या किमतीएवढे होते. पावती आणि संभाषणाची नोंद पाठवून महिना झाला, परतावा नाही.

नागपुरात अधिकृत वर्कशॉपने अंदाजपत्रक दिलं: चारही रन-फ्लॅट, शिवाय अलाइनमेंट. साधे टायर बसवून द्या म्हटलं तर नकार, वॉरंटीला बाधा येते म्हणाले. चौदा वर्षांच्या गाडीची कुठली वॉरंटी? सल्लागार मुलगा चांगला होता, पण त्याच्या संगणकात दुसरा पर्यायच नव्हता. गाडी तशीच उचलून अमरावती रोडवर वाडीकडे आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली.

आता रन-फ्लॅटबद्दलचा जुना राग सांगतो, कारण निर्णय त्यावरच झाला. नागपूरचे रस्ते सिमेंटचे. डांबरी रस्ता खराब असतो तेव्हा खड्डा दिसतो, चुकवता येतो. सिमेंटचा रस्ता दिसायला सपाट आणि दर थोड्या अंतरावर सांधा. पश्चिम उच्च न्यायालय मार्गावर चाळीसच्या वेगाने जाताना प्रत्येक सांधा सीटमधून थेट मणक्यात येतो. सांधा जिथे बसलाय, एक पाटी खाली, दुसरी वर, तिथे तर डॅशबोर्डच्या आतून टक् आवाज. मी सहा महिने तो आवाज शोधत होतो. ग्लोव्ह बॉक्सला फेल्टची पट्टी लावली, दारांची रबरं बदलली. मिस्त्री सुरुवातीपासून सांगत होता, 'टायर बदला साहेब, बाकी काही नाही.'

चारही साधे टायर टाकले, माप तेच, पुढे २२५/४०, मागे २५५/३५. रन-फ्लॅटच्या एकाच्या पैशांत जवळपास दोन आले. उरलेल्या तीन रन-फ्लॅटवर नक्षी शिल्लक होती, पण टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे पाहिले तर उत्पादन सहा वर्षांपूर्वीचं. जुनी गाडी घेणाऱ्याने ते चार आकडे वाचावेतच, पहिले दोन आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. नागपूरच्या उन्हात उभ्या गाडीचं रबर नुसत्या वयाने कडक होतं.

फरक पहिल्याच चौकात कळला. सांधे आहेत, पण आता ते ऐकू येतात, अंगात शिरत नाहीत. डॅशबोर्डचा टक् गेला, पूर्ण गेला. स्टिअरिंग मध्यावर जरा सैल झालं, ते मला आवडलं नाही. मग हवा दोन पीएसआय वाढवली, त्यातलं निम्मं परत आलं. सेमिनरी हिल्सच्या वळणांवर गाडी आता जरा झुकते आणि मग चिकटते, आधी ती उडत जायची. ही गाडी साध्या टायरवरच विकायला हवी होती असं माझं ठाम मत झालंय.

पण साधे टायर म्हणजे आता हवा गेली की गाडी जागेवर. म्हणजे स्टेपनी हवीच. कायद्याचं बंधन नाही: ट्यूबलेस टायर, दाबाचा इशारा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल असा बदल केंद्र सरकारने २०२० मध्ये केला. किट, म्हणजे भोक बुजवणाऱ्या चिकाची बाटली, आणि छोटा कॉम्प्रेसर मी घेतलाच आहे. खिळ्याच्या भोकाला ते पुरतं. माझ्यासारखी बाजू फाटली तर त्या बाटलीतला चीक रस्त्यावर सांडतो.

शेवटी कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून एका ओळखीच्याने १७ इंची पातळ स्टेपनी पाठवली, पाच बोल्ट, त्या बोल्टांचं वर्तुळ १२० मिलिमीटरचं, याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीची. ३५आयचे समोरचे ब्रेक मोठे आहेत, त्यामुळे विकत घेण्याआधी परत करण्याची बोली केली आणि गॅरेजमध्ये चारही जागी प्रत्यक्ष लावून, चाक हाताने फिरवून पाहिलं. बसली. सोबत जॅक, पाना, आणि कापलेलं मोठं चाक घालायला जाड गोणपाटाची पिशवी. ते मोठं चाक डिकीत नीट मावत नाही, शेजारच्या सीटच्या पायाशी ठेवावं लागतं. दोन माणसं असतील तर एकाने ते मांडीशी घ्यायचं, दुसरा उपाय नाही.

खरा पेच डिकीचा. छप्पर बंद असताना डिकी ३१० लिटर, उघडल्यावर १८०. छप्पर घडी होऊन जिथे बसतं तिथेच स्टेपनी ठेवायची. डिकीत छपराची जागा मोकळी राखणारा मधला पडदा खाली ओढल्याशिवाय छप्पर हलत नाही, आणि स्टेपनी असली की पडदा खाली येत नाही. म्हणजे स्टेपनी किंवा मोकळं आकाश, दोन्हींतलं एकच. ही अडचण मोठी वाटली होती, नंतर तिचा जाच संपला. नागपुरात छप्पर उघडण्याजोगे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही सकाळी किंवा सूर्य कलल्यावर. शहरात फिरताना स्टेपनी घरी, छप्पर खाली. लांबच्या रस्त्याला स्टेपनी आत, छप्पर बंद, एसी चालू.

इंजिनाबद्दल एकच सांगतो, कारण तेही याच पठडीतलं आहे. या इंजिनाचा पाण्याचा पंप पट्ट्यावर चालत नाही, विजेवर चालतो. तो जाण्याआधी बहुधा गळत नाही, आवाज करत नाही, एक दिवस थांबतो. माझा मे महिन्यात, वर्धा रोडच्या उड्डाणपुलाखाली दुपारी तीनला थांबला. गाडीने ताकद कापली, मी बाजूला घेऊन बंद केली, इंजिन वाचलं. पंप आणि थर्मोस्टॅट एकत्रच बदलले, मजुरी एकच लागते. पंपाचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमचे असतात, एकदा काढले की नवेच टाकायचे, हे मिस्त्रीला सांगावं लागलं नाही, त्याने आधीच मागवले होते.

नंतर इंजिनाच्या पाण्यात अडकलेली हवा काढण्याची पद्धत मात्र पाहण्यासारखी. बॅटरीला चार्जर जोडायचा, इंजिन सुरू न करता इग्निशन चालू, हीटर सर्वांत गरम, पंखा सर्वांत हळू, आणि ॲक्सिलरेटर दहा सेकंद तळापर्यंत दाबून सोडायचा. मग पंप आपणहून साधारण बारा मिनिटं चालतो, मधेच वेग बदलतो, टाकीतलं पाणी वरखाली होतं, बुडबुडे येणं थांबतं. मे महिन्यात वाडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये हीटर लावून मी त्या टाकीवर टॉर्च धरून उभा होतो. मिस्त्री म्हणाला, 'पाहा साहेब, आता कसा गप्प चालून राहिला.' त्याने हे काम घाईने केलं असतं तर पंधरवड्यात परत इंजिन तापलं असतं. अशी गाडी घेणाऱ्याने गाडीआधी असा माणूस शोधावा. पंप कधी बदलला याची पावती नसेल तर तो गेला असंच धरून किंमत पाडून घ्यावी, उन्हाळ्याआधी बदलावा.

बाकीचं थोडक्यात. तेल मोजायची डिपस्टिक नाही, पडद्यावर पातळी दिसते, तीही इंजिन गरम झाल्यावर. पावसाळ्याआधी छपराच्या पाण्याच्या नळ्या साफ करून घ्या, कडुलिंबाची पानं त्यात हमखास अडकतात. शहरातली सरासरी लिटरला सहा-सातच्या वर जात नाही, ५५ लिटरची टाकी लवकर रिकामी होते, मी ९५ ऑक्टेनच घालतो. गतिरोधक तिरके घेतले तर पोट घासत नाही, धंतोलीतला एक सोडून. तिथे मी रस्ताच बदललाय.

गॅरेजमधली पोरं गाडीच्या संगणकात ट्यून, म्हणजे ताकद वाढवणारा प्रोग्राम, टाकायला मागे लागली आहेत, हे इंजिन त्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. मी टाकणार नाही. पंचेचाळीस अंशांत या गाडीला आहे ती उष्णता बाहेर टाकतानाच धाप लागते. तो पैसा रेडिएटर धुण्यात, ब्रेक ऑइलमध्ये आणि टायरमध्ये गेला तर मला जास्त समाधान आहे.

आणि समाधान आहेच. थंडीत पहाटे मनसरवरून पुढे देवलापार, खवासाकडे निघावं. पेंचच्या जंगलात रस्ता उचलून घेतलाय, खालून जनावरं जातात, वरून आपण. लांब बॉनेट पुढे पसरलेलं, आपण जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेलो, आणि तिसऱ्या गिअरमध्ये सहा सिलिंडरांचा तो गुळगुळीत चढता आवाज. ही गाडी बाहेरून युलियाने ब्लासी आणि आतून नाद्या अर्नाउट या दोघींनी रेखली आहे. बाजूने जाणारी ती एक रेघ, पुढच्या चाकावरून दाराकडे खाली उतरणारी, पहाटेच्या तिरप्या उजेडात पाहिली की मी गाडी थांबवून खाली उतरतो. या पैशांत नवी एसयूव्ही आली असती, सातजण बसले असते, स्टेपनीही मिळाली असती. तरी मी हीच घेतली असती.

एक काम मात्र राहून जातं. पातळ स्टेपनीत ६० पीएसआय हवा लागते, बाजूवर ठळक छापलेलं असतं. पंपावरची पोरं सवयीने ३२ भरतात आणि साठ सांगितलं तर घाबरतात. म्हणून महिन्यातून एकदा मी घरच्या कॉम्प्रेसरने ती स्वतः भरतो आणि मगच डिकीत टाकतो.