संस्थेचं इंट्रानेट नेक्स्टक्लाउडवर : अकरा महिन्यांचा अनुभव

आमची छोटी संस्था मेळघाटात मुलांची वाचनालयं चालवते. कार्यकर्ते धारणी-चिखलदऱ्याला, हिशेब पुण्यात आणि निधी जमवणारी मंडळी लंडन, न्यू जर्सीत. सगळे कागद कुणाच्या ना कुणाच्या खासगी ड्राइव्हवर असायचे. एक कार्यकर्ती सोडून गेली तेव्हा दोन वर्षांच्या पावत्या गोळा करताना नाकी नऊ आले. कागद संस्थेच्याच ताब्यात हवेत, हे तेव्हा ठरलं.

८ जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर घेतला. त्यावर डेबियन १२ (लिनक्स), पोस्टग्रेएसक्यूएल (डेटाबेस), रेडिस (वेग वाढवणारी तात्पुरती साठवण) आणि नेक्स्टक्लाउड, म्हणजे फाइली, कॅलेंडर, कॉल असं सगळं आपल्याच सर्व्हरवर ठेवू देणारं मुक्त सॉफ्टवेअर. परवान्याला पैसे नाहीत, माणसं वाढली म्हणून बिल वाढत नाही. आमच्यासारख्यांना याचं मोल फार.

सगळ्यात आवडलं ते फाइली चढवणं. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी जाते. धारणीत वीज गेली, राउटर बंद पडला, तरी लॅपटॉपवरचं अ‍ॅप नंतर उरलेले तुकडेच पाठवतं. पूर्वी तोच व्हिडिओ चारचार वेळा पहिल्यापासून पाठवावा लागे. कॅलेंडरचाही मोठा आधार झाला. रविवारची बैठक आपल्याकडे रात्री साडेआठला, न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळी अकराला. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे जातात तेव्हा दरवर्षी कुणीतरी चुकायचंच. आता ज्याला त्याला आपापली वेळ दिसते.

टॉकनं, म्हणजे नेक्स्टक्लाउडच्या व्हिडिओ कॉलच्या अ‍ॅपनं, मात्र निराश केलं. कॉल जोडून देणारा वेगळा सिग्नलिंग सर्व्हर नसेल तर प्रत्येकाचा व्हिडिओ इतर प्रत्येकाला स्वतंत्र जातो, त्यामुळे सहावा माणूस आला की आवाज तुटतो. आम्ही कॅमेरे बंद ठेवून बोलतो. अपडेटलाही वेळ काढावाच लागतो, कारण मुख्य आवृत्त्या एकेक करूनच चढाव्या लागतात, मधली गाळता येत नाही.

बॅकअपबद्दल कळकळीनं सांगतो. रेस्टिक हे बॅकअपचं सॉफ्टवेअर रोज रात्री चालायचं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. चौथ्या महिन्यात दुसऱ्या मशीनवर सगळं परत उभं करून पाहिलं. फाइली आल्या, पण कॅलेंडर रिकामं, कोणता फोल्डर कुणाला दिलाय त्याचा पत्ता नाही. ही माहिती डेटाबेसमध्ये असते आणि त्याचा डम्प, म्हणजे पूर्ण नक्कल, मी घेतच नव्हतो. आता डम्प, डेटा फोल्डर आणि कॉन्फिग (सेटिंगची) फाइल, तिन्ही जातात.

महिन्याला माझे सहा-सात तास यात जातात आणि हे काम एकट्यावर ठेवणं बरं नाही. म्हणून पुण्याची हिशेब सांभाळणारी ताई शिकते आहे. मागच्या रविवारी तिनं मला एकदाही फोन न करता बॅकअपवरून सगळं उभं केलं. पावणेदोन तास लागले.