देण्याघेण्याच्या साड्यांचा गठ्ठा: कापड कसं आहे आणि तरीही तो का खपतो

बस्ता बांधायला सांगलीच्या कापड पेठेत गेलात की पहिला प्रश्न येतो: नेसायच्या दाखवू की देण्याघेण्याच्या? दुसऱ्या म्हणालात की सुरतेचा सिंथेटिक गठ्ठा समोर पडतो. एकाच डिझाइनचे सहा-आठ रंग, नगाला साधारण दीडशे ते अडीचशे रुपये. मिरज, विटा, कराड, कुठेही जा, माल जवळपास हाच.

कापड म्हणून पाचपैकी एक गुण. नेसायची साडी साडेपाच मीटर असते, वर ऐंशी सेंटिमीटर ब्लाउजपीस. गठ्ठ्यातली साडी टेपने मोजली तर बऱ्याचदा पाच-सव्वापाच मीटरच भरते आणि ब्लाउजपीस नसतोच. कमी पडलेलं कापड निऱ्यांतून जातं, म्हणून चापूनचोपून नेसली तरी साडी पायात अडकते. पन्हा आखूड असला तर उंच बाईचे घोटे उघडे राहतात. खळीमुळे घडीत भरदार दिसते, पहिल्या धुण्यात लुळी पडते. त्यात फॉल-पिको करायचा तर त्याचा खर्च साडीच्या किमतीच्या मानाने जडच.

तरी घ्यायचीच असेल तर वरची साडी बघून सौदा करू नका. गठ्ठ्याच्या मधली एक काढून पूर्ण उलगडा, लांबी आणि पन्हा दोन्ही मोजा, उजेडात धरा. डागी नग मध्येच दडलेले असतात. पांढरा रुमाल ओला करून काठावर घासा. लाल आणि गडद निळा रंग सुटतो तो इथेच कळतो. टॉवेल-टोपीचंही तेच: टोप्या एकाच मापाच्या येतात आणि निम्म्या डोक्यांवर बसत नाहीत.

मामीची, आत्याची, आजीची मानाची साडी या हिशेबात धरू नका. ती माणूस बघून, पोत बघून घेतली जाते आणि नेसलीही जाते. प्रश्न त्या पन्नास-शंभर साड्यांचा आहे, ज्या देणारीला नकोत आणि घेणारीलाही नकोत. त्या कपाटात जातात आणि पुढच्या लग्नात तिसरीच्या हातात पडतात.

मग मागणी टिकते कशी? एक कारण आहेराची वही. कुणी काय दिलं ते नावानिशी लिहिलेलं असतं, त्यामुळे न फेडणं लगेच दिसतं. दुसरं कारण जास्त खोल आहे. ‘मला नको, पण पाव्हण्यांना लागतं’ असं प्रत्येक घर दुसऱ्याबद्दल धरून चालतं. विचारायचं धाडस कुणी करत नाही, त्यामुळे हा समज खोटा ठरायची वेळच येत नाही. सगळे देतात हे दिसतं. सगळे कुरकुरतात ते घरच्या घरी.

अमेरिकेत सोलोमन ॲश यांनी 1951 च्या सुमारास केलेले प्रयोग इथे नेमके लागू पडतात. तीन रेघांतली कुठली दिलेल्या रेघेएवढी, इतका सोपा प्रश्न. आधीच पढवलेले लोक एकमताने चुकीचं उत्तर देत, तेव्हा खऱ्या सहभागी माणसाची सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यामागे जात. पण गटातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तर हे प्रमाण झपाट्याने खाली येई. उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं तरी कमी होई. म्हणजे बहुतेकांना रेघ नीट दिसत होती, भीती वेगळं पडण्याची होती.  महात्मा फुल्यांनीही 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापला आणि साध्या लग्नाची पद्धत घातली, तेव्हा रूढी मोडणाऱ्या घरामागे उभं राहायला माणसं तयार केली. एकट्या घराला ते झेपलं नसतं.

म्हणून पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ छापून भागत नाही. ती ओळ औपचारिक समजली जाते, शिवाय ती घेण्याबद्दल बोलते, देण्याबद्दल नाही. वधूपक्षाने एकट्याने बंद केलं तर ‘हात आखडला’ अशी बोलणी खावी लागतात. बोलायची जागा म्हणजे याद करायची बैठक, आणि विषय वरपक्षाने काढावा; त्यांनीच नको म्हटल्यावर बोल लावायला कुणी उरत नाही. यादीत स्पष्ट लिहा: मानाच्या साड्या अमुक नात्यांना, बाकी देणंघेणं दोन्हीकडून बंद. भावकीतल्या एका ज्येष्ठ बाईने ते बैठकीतच मोठ्याने बोलून दाखवावं. नंतर दोन्हीकडच्या नातेवाइकांना फोन करून सांगा, नाहीतर कुणीतरी पिशवी भरून आणतं आणि परतफेडीचं चक्र पुन्हा सुरू होतं.

गठ्ठा आधीच घेतला असेल तर फोडू नका. न फोडलेला माल बदलून देणारी दुकानं आहेत, मात्र पावती हवी आणि सराई संपायच्या आत जायला हवं. त्या रकमेत मानाच्या साड्यांचा दर्जा वाढवून घ्या.