सोल्डरिंग स्टेशन घ्यायचं की टाइप-सी पेन?

थेट प्लगमध्ये लावायच्या साध्या 25 वॉटच्या सोल्डरिंग आयर्नवर हात बसला आणि दोन-चार बंद पडलेले स्पीकर-ट्रिमर पुन्हा चालू झाले, की पुढे काय घ्यायचं हा प्रश्न येतोच. समोर मुख्यतः दोन वाटा असतात. एक म्हणजे टेबलावर ठेवायचं, तापमान ठरवता येणारं स्टेशन, हॅको कंपनीच्या 936 च्या धर्तीचं. दुसरी म्हणजे टाइप-सी चार्जरवर चालणारं पेन, पाइनसिल किंवा टीएस101 च्या जातीचं. मी आधी स्टेशन घेतलं, ते बरीच वर्षं वापरलं, मग पेन आणलं. आज दोन्ही टेबलावर आहेत, पण हात कुठे जातो ते पुढे कळेलच.

तापमानाची रेंज, वॉट वगैरे खोक्यावर छापलेलं असतं, त्यात मी शिरत नाही. खरा फरक बिटच्या, म्हणजे जॉइंटला टेकवायच्या तापत्या टोकाच्या, आत आहे. 936 मध्ये सिरॅमिकचा हीटर वेगळा आणि त्यावर चढवलेली बिट वेगळी, मधे हवेची बारीक फट. सेन्सर हीटरच्या पोटात असल्यामुळे टोक गार पडलं तरी ते स्टेशनला जरा उशिरा कळतं. पेनमध्ये हीटर, सेन्सर आणि टोक एकाच नळीत असतात. टोकाची उष्णता गेली की लगेच भरून येते.

हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो चार्जिंग पोर्ट बदलताना. ब्लूटूथ स्पीकरचा पोर्ट घ्या. मधल्या बारीक पिना सुटतात, पण पोर्टच्या पत्र्याचे जे पाय बोर्डात घुसलेले असतात ते ग्राउंडच्या रुंद तांब्याला जोडलेले असतात, आणि ते तांबं उष्णता शोषून घेतं. त्यात कारखान्यातलं सोल्डर (जोड धरून ठेवणारा मिश्रधातू) बिनशिशाचं, 217 अंशांच्या पुढे वितळणारं. माझ्या स्टेशनवर बिट टेकवली की सोल्डर कडेने मऊ व्हायचं, पिठूळ दिसायचं, पण पायाच्या भोकातून सरळ वाहायचं नाही. मग तापमान वाढवायचं, आणखी वेळ धरायचं. तोवर पॅडला (पाय जोडला जातो त्या तांब्याच्या ठिपक्याला) बोर्डाशी धरून ठेवणारा गोंद ढिला पडतो आणि पॅड उचकटतं. थोडं 63/37 (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) सोल्डर त्यात मिसळलं की काम सोपं होतं, कारण ते 183 अंशांवरच वितळतं. ही युक्ती दोन्हीकडे चालते. पण तेच काम पेनवर 330-340 अंशांत होतं आणि मला तापमान वाढवावं लागत नाही. मी हे कुठल्या उपकरणाने मोजलेलं नाही. हाताला जे जाणवतं ते सांगतोय.

तरीही एवढ्यावर मी स्टेशन बाजूला सारलं नसतं. जाड बिट लावली, फ्लक्स (सोल्डर नीट पसरायला मदत करणारं रसायन) सढळ हाताने वापरला, तर स्टेशनवरही पोर्ट निघतो. मला वैताग आणला तो तापण्याच्या वेळाने, म्हणजे खरं तर त्यातून जे पुढे घडतं त्याने.

घरातली दुरुस्ती सलग होत नाही. एक जॉइंट उकलायचा, मग मल्टीमीटरने कंटिन्यूइटी, म्हणजे जोडणी अखंड आहे का, बघायची, भिंगाखाली ट्रॅक शोधायचा, स्क्रू काढायचे, मग पुन्हा एक जॉइंट. प्रत्यक्ष सोल्डरिंग थोडं आणि शोधाशोध फार. स्टेशन बंद केलं तर पुन्हा तापायला मिनिटभर थांबावं लागतं, म्हणून कोणी ते बंद करत नाही. ते स्टँडमध्ये 350 अंशांवर तसंच तापत राहतं. बिटचं टोक काळं पडतं, सोल्डर त्याला धरत नाही, गोळी होऊन खाली पडतं. काळ्या बिटमधून उष्णता जॉइंटपर्यंत पोचत नाही, म्हणून आपण आणखी जोर देतो आणि ड्राय जॉइंट, म्हणजे नीट न धरलेले जोड, तयार होतात. बिट कानशीने घासायची तर वरचा लोखंडी मुलामा जातो आणि आतलं तांबं उघडं पडून सोल्डरमध्ये विरघळायला लागतं. पितळी जाळीत पुसणं, ठेवताना टोकावर सोल्डरचा थर देणं, हे सगळं मी नेमाने करत होतो. तरी बिटा काळ्या पडायच्याच, कारण रोग स्वच्छतेचा नव्हता, सतत तापत राहण्याचा होता.

पेन टेबलावर ठेवलं की आतल्या मोशन सेन्सरला हालचाल थांबल्याचं कळतं आणि ते आपोआप तापमान उतरवतं. मी ते 150 अंशांवर ठेवलं आहे. उचललं की काही सेकंदांत पुन्हा तयार, आणि पार गार असेल तरी 10-12 सेकंदांत. त्यामुळे काम नसताना तापवत ठेवायची सवयच गेली. माझ्या जुन्या स्टेशनला ही सोय नाही. टी12 कार्ट्रिजवर (हीटर आणि टोक एकत्र असलेल्या बिटवर) चालणाऱ्या काही स्टेशनांत असते. टेबलाला पक्की जागा असेल तर तो मधला मार्ग नक्की बघा.

आता पेनच्या उण्या बाजू, कारण त्या आहेत आणि विकणारे त्या सांगत नाहीत. पहिली म्हणजे चार्जर. नेहमीच्या बिटचा रोध साधारण 8 ओहम असतो. 20 व्होल्ट मिळाले तर 50 वॉट निघतात, 12 व्होल्टवर जेमतेम 18, आणि 9 व्होल्टवर 10 च्या आसपास. म्हणजे मोबाइलच्या साध्या चार्जरवर पेन तापलेलं दिसेल, पण जॉइंटला टेकताच ढेपाळेल. 20 व्होल्ट देणारा 65 वॉटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर हवाच. दुसरी म्हणजे केबल. लॅपटॉपची ताठर केबल लावली की पेन मनगटाला मागे खेचत राहतं. सिलिकॉनची मऊ केबल वेगळी घ्यावी लागते.

तिसरी जरा गंभीर आहे. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं. आतल्या छोट्या कपॅसिटरमधून थोडी गळती होते आणि बिटचं टोक जमिनीच्या मानाने बऱ्याच व्होल्टवर तरंगत राहतं. करंट अगदी नगण्य, पण नाजूक मॉसफेटला (एक प्रकारच्या ट्रान्झिस्टरला) तो बाधू शकतो. तीन पिनांचा चार्जर घेतलात तरी अर्थची पिन आणि टाइप-सीचं धातूचं तोंड यांत कंटिन्यूइटी मिळते का, ते चार्जर प्लगमधून काढून मीटरने तपासा. सगळ्यांत मिळत नाही. पीडी पॉवर बँकेवर चालवलं तर मेन्सशी संबंधच येत नाही. नाजूक बोर्ड असला की मी तेच करतो.

चांगल्या स्टेशनला अर्थिंगची ही काळजी नसते. रोज तासन्‌तास बसून नवीन बोर्ड भरणार असाल, जाड वायरी आणि मोठे कनेक्टर जोडणार असाल, तर स्टेशन चुकीचं नाही. त्याच्या बिटा सहज मिळतात, हँडलही हलकं असतं. पण खराब इअरफोन केस, रिमोट, राउटर, स्पीकर असली कामं मधूनमधून करणाऱ्याने आधी पेन घ्यावं असं मला वाटतं.

पेन घ्याल तेव्हा सोबत जर सुईसारखी टोकदार बिट आली, तर तिच्यावरून मत बनवू नका. तिचं टोक जॉइंटला जेमतेम शिवतं. 2-3 मिलिमीटरची सपाट, छिन्नीच्या आकाराची बिट त्याच ऑर्डरमध्ये मागवा.